विहिरीवर अपघात झाला, आता काय? तेलक्षेत्रात कामाला जाणाऱ्या खान्देशी पोरांसाठी आणि घरच्यांसाठी

रात्री दीडला फोन वाजतो. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस हिंदीत सांगतो की तुमचा मुलगा दवाखान्यात आहे, घाबरू नका, सकाळी निघा. एवढं बोलून तो ठेवून देतो आणि पुन्हा लावला तर फोन बंद. शहादा, तळोदा, साक्री, शिंदखेड्याकडच्या कितीतरी घरांत असा फोन येऊन गेलाय. खंभातला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, आणि नंदुरबारहून अंकलेश्वर तसं लांब नाही. आयटीआय करून फिटर-वेल्डर झालेला पोरगा सुरतेच्या यंत्रमागापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात म्हणून ठेकेदाराचा हात धरून तिकडे जातो.

मीही गेलो होतो. अकरा वर्षं वर्कओव्हर रिगवर, म्हणजे चालू विहिरींची दुरुस्ती करणाऱ्या रिगवर, फ्लोअरमन (पाइप जोडणारा-सोडवणारा कामगार) म्हणून काढली आणि उजव्या हाताची तर्जनी तिथंच सोडून आलो. कुठल्या विहिरीवर, कुणाच्या हाताखाली, ते सांगत नाही. पाइप आवळायच्या मोठ्या पान्यात, टाँगमध्ये, बोट सापडलं. दवाखान्यात ठेकेदाराच्या माणसाने कारण लिहून घेतलं: खोलीवर दरवाजात बोट चेंगरलं. मी शुद्धीवर होतो, पण दुखण्यापुढे वाचतो कोण? नंतर वीस हजार रुपये आणि एका कागदावर सही. आपल्याकडचाच एक मुकादम शेजारी बसून म्हणत होता, "काही व्हत नई भो, सही करी दे." कायद्याच्या परिशिष्टात त्या बोटासाठी भरपाईची टक्केवारी लिहिलेली आहे, हे मला चार वर्षांनी कळलं.

अपघातानंतर सरकारी यंत्रणा हलते, पण कागदाने हलते. तो कागद पहिल्या तीन दिवसांत एकतर बनतो नाहीतर बिघडतो. म्हणून खाली त्या तीन दिवसांबद्दल जास्त लिहिलंय.

तेलाची विहीर म्हणजे कायद्याने खाण

हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण इथंच निम्मे लोक चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात. १९५२ च्या खाण कायद्याच्या व्याख्येत कोळशाच्या खाणीबरोबर तेलविहिरीही येतात. कच्चं तेल शुद्ध करण्याची जोडयंत्रणा आणि तेलक्षेत्राच्या आतली तेलाची पाइपलाइनही त्यातच मोडते. त्यामुळे विहिरीवरच्या अपघाताची चौकशी राज्याचा कारखाना निरीक्षक करत नाही. ती केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे असते. लोक त्याला डीजीएमएस म्हणतात. मुख्यालय झारखंडात धनबादला, बाकी ठिकाणी विभागीय कार्यालयं. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचं वेगळं: तिथली सुरक्षा तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे, म्हणजे ओआयएसडीकडे, २००८ च्या नियमांनी दिलेली आहे. मुंबई हायवर जाणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. खाण कायदा आणि कारखाने कायदा हे दोन्ही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत गेले. भरपाईचा १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. निरीक्षकाचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले. कुणी वकील किंवा बाबू जुन्या कलमाने बोलला तर गोंधळू नका. सध्या बदलाचा काळ आहे, जुनी नावंच तोंडात आहेत. संहितेतही तेलविहीर खाणच आहे.

घरून निघण्याआधी

नेमणूकपत्र मागा. आता ते देणं मालकावर बंधनकारक आहे. ठेकेदार "तिथं गेल्यावर देतो" म्हणेल. निदान त्याचं नाव, पत्ता आणि तो कुठल्या कंपनीच्या कामावर नेतोय, एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तोही पुरावाच असतो.

कामावर चढण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि खाणकामाचं प्रशिक्षण व्हायला हवं. साइटवर त्याला एमव्हीटी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी हे प्रशिक्षण प्रामाणिकपणे होतं. काही ठिकाणी नुसता फोटो आणि सही. दोन्हींची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि घरी पाठवा. गेटपासचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. अपघात झाल्यावर गेटपास सगळ्यात आधी गायब होतो, हे मी दोनदा पाहिलंय.

घरच्यांना फक्त ठेकेदाराचा नंबर देऊन जाऊ नका. तुमच्या शिफ्टमधल्या एका माणसाचा नंबर द्या, जमलं तर दुसऱ्या गावच्या. आपल्या गावचा माणूस बहुधा मुकादमाच्या नात्यातला निघतो.

पीएफ कापला जात असेल तर ई-नामांकन भरा. दहा मिनिटांचं काम आहे. लग्न झाल्यावर नामांकन पुन्हा करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

पहिला तास

जखमी माणसाला उचलण्याआधी हवा तपासा. काही विहिरींत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास थांबल्यासारखा वाटतो. वायू गेला असं समजून माणूस खाली उतरतो. तो हवेपेक्षा जड असल्याने सेलर (विहिरीच्या तोंडाभोवतीचा बांधीव खड्डा), खड्डा, टाकी अशा खोलगट जागी साचतो. एक पडला म्हणून दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा. श्वसनयंत्र लावल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही, मग पडलेला सख्खा भाऊ असला तरी. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. गावाकडच्या मोठ्या लोकांनी शिकवलेली ती सवय तेलविहिरीवर मात्र नेऊ नका, कारण हा वायू पेटतो.

वाऱ्याची दिशा पाहून असेंब्ली पॉइंटला (धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायच्या ठरलेल्या जागी) जा, हजेरी होऊ द्या. हजेरीत ज्याचं नाव येत नाही, त्याचाच शोध आधी घेतला जातो. काम सोडून सरळ खोलीवर पळालेला माणूस बाकीच्यांना नाहक आत पाठवतो.

दवाखान्यात जखमीसोबत आपला एक माणूस पाठवा, ठेकेदाराचा एकटा नको. त्याने एकच काम करायचं: केसपेपरवर "कामावर असताना, अमुक विहिरीवर, अमुक वाजता" हे शब्द लिहून घ्यायचे. डॉक्टर सांगेल तेच लिहितो, म्हणून सांगणारा माणूस महत्त्वाचा. माझ्या बोटाचा सगळा खेळ त्या एका ओळीत बिघडला.

पहिले तीन दिवस

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली की मालक, एजंट किंवा मॅनेजरने ताबडतोब निरीक्षकाला फोनने किंवा ईमेलने कळवायचं असतं आणि पाठोपाठ ठरावीक नमुन्यातली सूचना पाठवायची असते. गंभीर इजा म्हणजे काय, याबद्दल साइटवर मुद्दाम गैरसमज पसरवलेला असतो. कायद्याची व्याख्या लहान माणसाच्या बाजूची आहे: शरीराचा कुठलाही भाग कायमचा गेला, नजर किंवा ऐकणं कायमचं बिघडलं, हाड मोडलं, अगदी हातापायाच्या बोटाचं पेर मोडलं तरी ती गंभीर इजाच. "बोटच तर गेलं" हे वाक्य त्या व्याख्येपुढे टिकत नाही.

त्याखालच्या इजांसाठी खाणीत ७२ तासांचा हिशेब असतो. दुखापतीमुळे माणूस ७२ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर ती इजाही नोंदवावी लागते. इथे एक चलाखी चालते, नव्याने गेलेल्याला ती कळत नाही. प्लॅस्टर घातलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी गाडीने साइटवर आणतात, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतात आणि हजेरी लावतात. "हलकी ड्युटी दिलीय, पगार चालू आहे" म्हणून आपणही खूश. खरं म्हणजे ७२ तासांची नोंद टाळलेली असते. डॉक्टरने विश्रांती लिहून दिली असेल तर विश्रांतीच घ्या, आणि चिठ्ठीची प्रत सोडू नका.

जागेबद्दल नियम असा: मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली जागा निरीक्षक येईपर्यंत किंवा त्याच्या संमतीशिवाय हलवायची, बदलायची नाही. अपवाद मोजके: आणखी अपघात टाळणं, मृतदेह काढणं, कुणाला वाचवणं किंवा काम थांबल्याने खाणीचं कामकाज गंभीरपणे अडणं. निरीक्षक ७२ तासांत पोचला नाही तर काम पुन्हा सुरू करता येतं. म्हणून ही तीन दिवसांची खिडकी. तेवढ्यात तुटलेली साखळी बदलली जाते, घासलेल्या वायररोपच्या जागी नवा कोरा रोप येतो, यंत्रावरून काढून ठेवलेलं गार्ड परत बसतं, आणि अपघाताआधी कधीही न भरलेलं वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) मागच्या तारखेने भरलं जातं.

साइटवर मोबाइल नेण्याची बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि विहिरीजवळ ती योग्यच आहे. फोटोसाठी ठिणगीचा धोका पत्करू नका. त्याऐवजी त्याच रात्री खोलीवर बसून वहीत लिहा. शिफ्ट किती वाजता सुरू झाली. ड्रिलर कोण, टूलपुशर (रिगचा मुख्य सुपरवायझर) कोण, साइटवर होता की कॅम्पवर. टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सुरक्षेचं बोलणं, झालं का. परमिट कुठे होतं. कुठलं हत्यार, कुठल्या बाजूने, कुणाचा हात कुठे होता. काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे वेगवेगळं लिहा. खाली तारीख, वेळ, सही. दुसऱ्या साक्षीदाराला त्याच्या शब्दांत लिहू द्या. दोन वह्यांमध्ये एकच भाषा दिसली की चौकशीत दोन्ही पडतात. मराठीत लिहिलं तरी चालतं, अहिराणीत लिहिलं तरी हरकत नाही.

खाण कायद्यात आणखी एक सोय होती, तिचा उपयोग फार कमी लोक करतात: मालकाने पाठवलेल्या अपघात-सूचनेची प्रत खास नोटीस बोर्डावर किमान चौदा दिवस लावून ठेवायची, युनियनच्या लोकांना वाचता येईल अशी. जाऊन वाचा. अपघाताचं कारण काय लिहिलंय ते उतरवून घ्या. "कामगाराच्या हलगर्जीपणामुळे" एवढंच लिहिलं असेल, तर तुमचं म्हणणं स्वतंत्रपणे निरीक्षकाला पाठवायची वेळ आलीय.

ते पत्र लांबलचक नको. एक पान पुरे: काय झालं, कधी, कुठे, कोण साक्षीदार, कुठलं उपकरण खराब होतं, ते आधी कुणाला सांगितलं होतं. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती सांभाळा. ईमेलही करा. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं. खरं सांगायचं तर साइटवर दहाच माणसं असतील तर ठेकेदार अंदाज बांधतोच. काम जाऊ शकतं. तरीही साक्षीदार म्हणून नाव द्यायचं की नाही, हे प्रत्येकाने घरच्यांशी बोलून ठरवावं; तुमच्या वतीने मी शूर होणार नाही.

निरीक्षक आल्यावर

त्याला सांगा की तुम्हाला जबाब द्यायचा आहे, आणि मॅनेजरसमोर नको. अशी मागणी केल्याने कुणी गुन्हेगार होत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला लावा. जबाब हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिला असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. "माहीत नाही" हे उत्तर चालतं. अंदाज सांगून फसू नका.

काय विचारतात, हे ठाऊक असलं की भीती कमी होते. ब्लोआउट प्रिव्हेंटरची (तेल-वायू उसळला तर विहिरीचं तोंड बंद करणाऱ्या झडपेची) शेवटची चाचणी कधी झाली, गॅस डिटेक्टर चालू होता का, मंकीबोर्डवर (मनोऱ्यावरच्या उंच फळीवर) चढलेल्याचा हार्नेस आणि फॉल अरेस्टर (पडताना धरणारं साधन) होता का, यंत्राची वीज-हवा तोडून कुलूप लावलं होतं का, सलग किती तास ड्युटी झाली होती. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. सोळा-सोळा तास उभे राहिलेले लोक "आठ तास" सांगतात, कारण ओव्हरटाइमचे पैसे बुडतील अशी भीती असते.

निरीक्षक काय करू शकतो? धोका तातडीचा असेल तर काम थांबवण्याचा आदेश देऊ शकतो. दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवू शकतो. खटला भरू शकतो. नव्या संहितेप्रमाणे सुरक्षेचं कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड किंवा दोन्ही. या दंडातला किमान अर्धा भाग जखमीला किंवा वारसांना द्यावा, असं न्यायालय सांगू शकतं. खटला उभा राहिला की वकिलाला या तरतुदीची आठवण करून द्यायला हवी.

मोठा अपघात असेल तर केंद्र सरकार स्वतंत्र चौकशी न्यायालय नेमू शकतं. आसाममधल्या बागजानची विहीर क्रमांक ५ आठवते? वर्कओव्हर चालू असताना २७ मे २०२० ला ब्लोआउट झाला, ९ जूनला पेटली, दोन अग्निशमन जवान गेले, आणि विहीर पूर्ण बंद व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. अशा वेळी टीव्हीवाले येतात, हरित लवाद येतो, समित्या येतात. तुमच्या विहिरीवर एक फ्लोअरमन गेला तर कुणी येत नाही. तिथे डीजीएमएसचा एक अधिकारी आणि तुमचं एक पान, एवढ्यावर चालतं.

तीन वाटा वेगळ्या आहेत

निरीक्षकाकडे लोक पैसे मागतात, पोलिसांकडे सुरक्षा मागतात आणि ठेकेदाराकडे न्याय. तिन्हीकडून रिकाम्या हाताने परततात.

सुरक्षेची वाट डीजीएमएसची. तिथून चौकशी, बंदी आणि खटला मिळतो, भरपाई मिळत नाही.

गुन्ह्याची वाट पोलिसांची. मृत्यू झाला तर अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन होतं. निष्काळजीपणा दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते. दुसऱ्या राज्यातल्या ठाण्याने घोळवलं तर आपल्या जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तिकडे पाठवता येतो. शवविच्छेदन टाळून मृतदेह लवकर गावी नेण्याची घाई करू नका. ठेकेदार अॅम्ब्युलन्सचे पैसे देऊन हीच घाई करवतो. आपल्याकडे सूर्य मावळायच्या आत अग्नी द्यायची ओढ असते, मला कळतं. पण तो अहवाल नसला तर पुढची प्रत्येक खिडकी बंद.

तिसरी वाट भरपाईची.

भरपाईचा हिशेब

इथे भावनेपेक्षा पाढे उपयोगी पडतात. मृत्यूसाठी सूत्र आहे: महिन्याच्या मजुरीचे पन्नास टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पंचविसाव्या वर्षी तो आकडा २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. मजुरी कितीही असली तरी हिशेबासाठी २०२० पासून महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा धरत आलेत. अर्ज कराल तेव्हा ही मर्यादा बदललीय का, हे विचारून घ्या. म्हणजे पंचविशीतल्या मुलासाठी ७,५०० गुणिले २१६.९१, बरोबर १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. चाळिशीतल्या माणसासाठी १३ लाख ८१ हजार २७५. ठेकेदार "दोन लाख घ्या आणि मिटवा" म्हणतो तेव्हा हे आकडे त्याच्यासमोर कागदावर लिहा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पन्नासच्या जागी साठ टक्के. अवयव गेला तर त्या रकमेचा परिशिष्टात दिलेला हिस्सा: अंगठा ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२. पंचविशीतल्या पोराचा अंगठा गेला तर १९ लाख ५२ हजार १९० चे तीस टक्के, म्हणजे ५ लाख ८५ हजार ६५७. माझे वीस हजार आठवले की अजून हसू येतं, तेही नीट येत नाही. काही काळापुरतं काम बंद पडलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या पंचवीस टक्क्यांप्रमाणे पैसे, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

आता चार गोष्टी, ज्या तुम्हाला कुणीही आपणहून सांगणार नाही.

भरपाईचा हक्क सोडून देणारा करार, मग तो शंभराच्या स्टँपवर असो की पाचशेच्या, कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने पैसे थेट वारसाच्या हातात देऊन सुटका होत नाही. रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या आयुक्ताकडे, जमा करायची असते. थोडा आगाऊ पैसा दिला तर तो वळता होतो, एवढंच. त्यामुळे सही होऊन गेली असेल तरी घरी बसू नका.

ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनी सुटत नाही. जिच्या कामासाठी ठेकेदार लावला, तिच्याकडून भरपाई मागता येते. मग तिने ठेकेदाराकडून वसूल करावी. अर्जात दोघांनाही सामील करा.

"दारू प्यायलेला होता", "हेल्मेट घातलं नव्हतं" हे पहिल्याच दिवशी ऐकू येतं. नशा किंवा जाणूनबुजून नियम मोडणं हा मालकाचा बचाव ठरू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तो बचाव चालत नाही. दोन विधवा बायांना या एका वाक्याने गप्प बसवलेलं मी पाहिलंय. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

अर्ज कुठे करायचा? जिथे अपघात झाला तिथेच असं नाही. वारस जिथे राहतात तिथेही करता येतो. शिरपूरच्या बाईने तारखांसाठी गुजरातला खेपा घालायची गरज नाही. धुळ्याला करता येईल. जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा कामगार न्यायालयात विचारलं की नेमकं दार कळतं. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. मी मात्र वकिलाकडे गेलो तेव्हा माझ्या हातात केसपेपर होता, आणि त्यावर दरवाजा होता.

महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला समर्थन नसेल तर मूळ रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. अर्जात व्याज आणि दंड स्पष्ट मागा. न मागितलेलं मिळेलच असं नाही.

वकिलाची फी हा अडसर समजू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन करायचा तर १५१००.

भरपाईशिवाय आणखी दोन खिसे तपासा. पीएफ कापला जात असेल तर नोकरीत असताना मृत्यू झाल्यावर त्याच्याशी जोडलेला विमा मिळतो, जास्तीत जास्त ७ लाख. आणि बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपयांची कपात दिसते का पाहा. दिसली तर पंतप्रधान सुरक्षा विम्याचे २ लाख आहेत. बँकेला लवकर कळवा, तिथे एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल लागतोच.

खान्देशातल्याच कारखान्यात असाल तर

दार बदलतं. जळगावच्या एमआयडीसीत, शिरपूर-दोंडाईचाच्या पट्ट्यात किंवा जिनिंगवर अपघात झाला तर तो विषय राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूर तालुक्यात वाघाडीला रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कित्येक कामगार गेले, तेव्हा आपल्या भागाला हे कार्यालय असतं हे नव्याने कळलं. तिथे नोंदीचा हिशेब ७२ ऐवजी ४८ तासांचा राहिलाय. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, म्हणजे महिन्याची मजुरी २१,००० च्या आत असेल, तर भरपाई त्याच योजनेतून येते: जखमीला किंवा वारसांना रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने. मग त्याच अपघातासाठी मालकावर भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. कामावर पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. "अजून कार्ड आलं नाही" ही सबब ऐकून घेऊ नका.

चौकशीचा अहवाल मागा

मृत्यूची चौकशी दोन महिन्यांत व्हायची असते. तीन महिने झाले की माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही. डीजीएमएस हे केंद्राचं कार्यालय असल्याने अर्ज ऑनलाइन जातो. "तपास चालू आहे" असं उत्तर येऊ शकतं. तरी अपील करा, आणि अर्जात अहवालाबरोबर अपघाताची सूचना, काम थांबवल्याचा आदेश आणि परत सुरू करायला दिलेली परवानगी यांच्याही प्रती मागा. अहवाल अडला तरी हे बाकीचे कागद बरेचदा सुटतात, आणि भरपाईच्या दाव्यात तेच कामाला येतात.

पैसे जमा झाल्यावर

अधिकारी वारसांमध्ये वाटणी ठरवतो. बायको, लहान मुलं, विधवा आई यांचा हक्क असतो. अज्ञान मुलांचा हिस्सा बहुतेक वेळा बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. त्या दिवशी भाऊबंद, दीर, मामे सगळे सोबत येतात. कुणी ट्रॅक्टरचं कर्ज काढतो, कुणाला शेतात बोअर करायची असते. तारखेआधी आठ दिवस बाईला बँकेत घेऊन जा आणि खातं तिच्या एकटीच्या नावाने उघडून द्या. जोडखातं नको. एटीएमचं कार्ड आणि मोबाइल नंबर, दोन्ही तिचेच असू द्या.